खंडेनवमीचा दुसरा वॉचमन

यशवंतपूरच्या कांदा-बटाट्याच्या बाजारामागं, एका झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून संताजीराव चव्हाणांचं सहा बाय आठचं दुकान आहे. दुकान कसलं, ते त्यांना स्वतःला एका शब्दात सांगता येत नाही. अठराव्या वर्षी ते गच्च्यांवर चढून केबल टीव्हीच्या वायरी ओढत होते. पुढं वायरींच्या जागी काचेचा धागा आला, तो ओढायला शिकले. मग घरोघरी टीव्हीखाली गेम खेळायच्या मशिनी येऊन बसल्या, तसे ते त्या मशिनींचे वैद्य झाले. आता वय चौपन्न. गिऱ्हाइकं त्यांना गेम-अण्णा म्हणतात. मशीन चालू, इंटरनेट चालू, पण चार गावच्या चार गड्यांनी मिळून लढाई खेळायला जावं तर दार बंद, असल्या दुखण्यावर संताजीरावांसारखा हात नाही.

गंमत अशी, की त्यांना स्वतःला यातला एकही गेम खेळता येत नाही. बंदुकीच्या गेममध्ये पडदा सारखा गरगर फिरत असतो. पडदा फिरला की संताजीरावांचं डोकं फिरतं आणि पाठोपाठ पोटही. त्यामुळं दार उघडलं, पोरं आत शिरली, की हे चपला घालतात. इतक्या वर्षांत एकही लढाई त्यांनी शेवटपर्यंत बघितलेली नाही.

कामाची पद्धतही त्यांचीच. गिऱ्हाईक रडायला लागलं की म्हणतात, "काय बिघडलंय ते नका सांगू. काय काय चालतंय ते सांगा." आणि दुसरा प्रश्न ठरलेला, "शेवटचं नीट कधी चाललं? त्याच्यानंतर घरात काय झालं?" या दुसऱ्या प्रश्नाला आजवर प्रत्येकानं एकच उत्तर दिलंय. काही नाही.

तर यंदाच्या खंडेनवमीची गोष्ट. बेंगळुरूत हा दिवस आयुधपूजेचा. बसपासून लेथ मशिनीपर्यंत सगळ्याला हार आणि कुंकू. संताजीरावांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यांची खोगिरं शिवत इकडं आले म्हणतात. ती खोगीर शिवायची आरी अजून घरात आहे. त्या आरीशेजारी पकडी, स्क्रूड्रायव्हर, वायर तपासायचं यंत्र, सगळं पाटावर मांडून पूजा होते, आणि दसऱ्याच्या सकाळची आरती होईपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. चव्हाणांच्या घरात हा नियम कुणी मोडलेला नाही. मोडू बघणाऱ्याची आधी कमलाबाईंशी, म्हणजे संताजीरावांच्या बायकोशी, गाठ पडते.

पुरणपोळीवर तूप पडायच्या बेतात फोन वाजला.

"अण्णा, मी आसावरी! सर्जापूर रोडची!"

आसावरी मूळची नागपूरची, इकडं कंपनीत नोकरीला. गेल्या वर्षी तिच्या फ्लॅटमध्ये सगळी जोडणी संताजीरावांनीच केली होती.

"बोला, अक्का."

"अण्णा, काहीच समजून नाही राहिलं बाप्पा! आज चार वाजता आमची पात्रता फेरी आहे. चौघांची टीम. चार वाजता चौघंही आत नसलो तर टीम बाद! तीन वर्षांत पहिल्यांदा इथवर आलो आम्ही. आणि मी आतच नाही जाऊन राहिले!"

संताजीरावांनी घड्याळ बघितलं. पावणेदोन.

"स्वल्प दम घ्या. काय काय चालतंय?"

"फोनवर नेट चालून राहिलं. टीव्हीवर पिक्चर दिसतो. एकटीनं खेळायचा गेम मस्त चालतो. पण टीममध्ये गेलं की गोल गोल फिरते अन् बाहेर फेकते."

"बाकीचे तिघं?"

"ते तिघं आतच आहेत! तनय नागपुरातून बोंबलून राहिला."

म्हणजे गेमच्या कंपनीकडं सगळं ठीक. आसावरीची वर्गणी भरलेली, गेमही अपडेट झालेला. मशीन बंद-चालू? चार वेळा.

"शेवटचं कधी चाललं?"

"काल संध्याकाळी."

"त्याच्यानंतर घरात काय झालं?"

फोनवरून तोंड वळवून तिनं नवऱ्याला विचारलेलं ऐकू आलं, "वेदांत, काल रात्रीपासून काही केलं का तू?" लांबून पुणेरी आवाज आला, "काहीच नाही गं!"

संताजीराव ताटावरून उठले. कमलाबाई देवघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"कुठं?"

"सर्जापूर रोड."

"हत्यारं पाटावर हायत. एकाला बोट लावायचं न्हाई."

"हात तरी नेऊ का न्हाई?"

"हात न्या. हातांची पूजा न्हाई केलेली मी."

स्कूटरची पूजा सकाळीच झालेली, लिंबावरून चाकही गेलेलं. तिला बाहेर काढायला हरकत नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, ते सोडायला वेळ नव्हता. मग तसेच निघाले. सणाचा रस्ता मोकळा, पण चौकाचौकात फोडलेले कोहळे पडलेले, कुंकवानं लालभडक. त्यातून वाट काढत, केळीची पानं फडफडवत स्कूटर धावली तशी सिग्नलवरचा एक रिक्षावाला ओरडला, "अण्णा, लग्नाला निघालाय का?" संताजीरावांना हसू आलं. पण लगेच ओसरलं. खिशात साधा टेस्टर नव्हता. एखादी वायर आतून तुटलेली निघाली तर? नुसत्या बोटांनी काय करणार? आणि ती पोरगी चारची वाट बघत बसलीय.

सोसायटीच्या मोठ्या गेटवरच्या वॉचमननं ओळखलं, सलाम ठोकला. पण आत इमारतीच्या दारात दुसरा वॉचमन, कालच कामाला लागलेला. तो काही सोडेना. नाव काय, कुणाकडं, फोन लावतो. वर फोन कुणी उचलेना, कारण वर दोघं नवरा-बायको मशिनीत डोकं घालून बसलेले.

"अरे, मोठ्या गेटानं सोडलं की मला!"

"ते त्यांचं. माझ्याकडं तुमचं नाव नाही."

सात मिनिटं गेली. शेवटी आसावरीच धावत खाली आली, हेडफोन गळ्यात, केस विस्कटलेले. "अण्णा! चला चला चला!"

तीन पंचवीस.

संताजीराव टीव्हीसमोर मांडी घालून बसले. या घरात दोन डबे. इंटरनेट कंपनीचा डबा दाराजवळ चपलांच्या कपाटावर, बाहेरून काचेचा धागा त्यात येतो, घरातले फोन त्यालाच जोडलेले. तिथून वायर निघून हॉलमधल्या दुसऱ्या डब्यात येते आणि त्यातून गेमच्या मशिनीत. तो दुसरा डबा गेल्या वर्षी संताजीरावांनीच बसवला होता आणि त्याला ताकीद दिली होती, तू नुसतं पुढं पोचवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

"नेटवर्कचं पान उघडा, अक्का."

पडद्यावर ओळी आल्या. खाली लिहिलेलं, नॅट टाइप: स्ट्रिक्ट.

"हे बघा, म्हणूनच. दाराला कडी हाय. आता वर पत्ता दाखवा मशिनीचा."

आकड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं. परत फिरवलं. परत तिथंच थांबलं. डोळे लकाकले.

"तिसऱ्या आकड्याच्या जागी एक पाहिजे होता. हितं शून्य हाय."

वेदांत मागून म्हणाला, "एकच आकडा तर इकडचा तिकडं आहे ना, काका?"

"घर नंबरात एक आकडा बदलला तर पोस्टमन कुठं जाईल, साहेब?" संताजीराव गुडघ्यावर उठले. आवाज चढला. "आता मला खाली कुणी अडवलं? मोठ्या गेटानं सोडलं, आतल्यानं अडवलं. बरोबर? तुमच्या घरात तसंच झालंय. कंपनीचा डबा मोठा वॉचमन. तो तुमच्या गड्यांना ओळखतो. आणि हा हॉलातला डबा आजपासून दुसरा वॉचमन होऊन बसलाय! तुम्ही बाहेर जाताव तर सोडतो, म्हणून पिक्चर दिसतो. बाहेरचा गडी आपणहून आत यायला लागला की म्हणतो, नाव न्हाई!"

"पण काहून असं होऊन राहिलं?" आसावरी ओरडली. "कालपर्यंत तर ठीक होता!"

"तेच तर. ह्याला मी गेल्या वर्षी सगळं शिकवून ठेवलं होतं. एका दिवसात सगळं विसरला. आपणहून न्हाई विसरत हे."

ते डब्यापाशी वाकले आणि तसेच थबकले. नाक वर केलं. चंदनाचा वास. टीव्हीच्या फळीवर, डब्याच्या बरोबर मागं, राखेची बारीक वेटोळी पडलेली. डब्याला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. त्यांनी डबा अलगद उलटा फिरवला. मागच्या बाजूला टाचणीएवढं एक भोक असतं, आतलं बटण दाबून धरलं की डबा सगळं विसरून कोरा होतो. त्या भोकाच्या कडेला बांबूच्या काडीचं कुसळ अडकलेलं होतं.

"पूजा कुणी केली?"

आसावरीनं वेदांतकडं बघितलं. मग वेदांतनं घसा साफ केला.

"मी. म्हणजे, ऑफिसात सगळ्यांनी सर्व्हरची केली, तर म्हटलं घरच्यांचीही करू. यंदा पहिल्यांदाच केली. उदबत्तीचं घर सापडेना. आणि मागं बरोब्बर काडीच्या मापाचं भोक दिसलं. मला वाटलं..."

"काय वाटलं?" आसावरी.

"सोय आहे वाटलं."

"वेदांत! तू तर ऑफिसात क्लाउड सांभाळतो न बे!"

"क्लाउडला भोक नसतं गं मागं!"

संताजीराव जमिनीवर बसून असे हसले की फळीवरचं झेंडूचं फूल खाली पडलं. "छत्तीस वर्षं झाली मला! उंदरानं खाल्लेली वायर बघितली, सांबार प्यालेली मशीन बघितली. देवाच्या उदबत्तीनं कोरा केलेला डबा आज पहिल्यांदा!"

"अण्णा, तीन अडतीस!"

हसू आवरलं. आता या डब्याला पुन्हा ताकीद द्यायची. त्यासाठी फोन त्याला जोडायचा, आणि जोडायला लागतो त्याचा मूळ पासवर्ड, डब्यामागच्या पांढऱ्या कागदावर छापलेला. वेदांतला गंध लावायला तीच पांढरी सपाट जागा आवडली होती. तीन बोटं ठसठशीत ओढलेली, मधोमध कुंकू. पासवर्डची शेवटची तीन अक्षरं त्याखाली गडप.

आसावरीनं फोनचा टॉर्च तिरपा धरला. एक अक्षर दिसलं. दुसरं आठ असेल नाहीतर बी. तिसरं अंदाजानं टाकून बघितलं, चूक. परत, चूक. वेदांतच्या फोनच्या स्पीकरवरून तनय सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा ओरडत होता, "आसा, पंधरा मिनिटं! कुठं मेली तू?"

"पुसून टाकते मी!" तिनं ओढणी पुढं केली.

"थांबा!" संताजीरावांचा हात आडवा आला. घरी पाटावरच्या पकडीला बोट न लावणारा माणूस. पूजा झालेल्या वस्तूवरचं कुंकू पुसायचं म्हणजे नियमच मोडला. त्यांनी डब्याकडं बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडं. तिचे डोळे भरत आले होते. त्यांनी डबा फळीवर ठेवला, हात जोडले, आणि समोर उभ्या माणसाशी बोलावं तसे म्हणाले, "देवा, स्वल्प सरकून घे. काम झालं की परत लावताव. तुझ्याच उदबत्तीचं निस्तरतोय."

आणि स्वतःच्या रुमालाचं टोक ओलं करून अक्षरं पुसली. आठ नव्हतं, बी होता.

फोन जोडला गेला. संताजीरावांची जाड बोटं पडद्यावर भराभरा चालली. हे पान, ते पान, खाली, अजून खाली. 'नुसतं पोचवायचं, डोकं चालवायचं नाही' या अर्थाची इंग्रजी ओळ सापडली, निवडली, ठीक म्हटलं. डब्याचे सगळे दिवे विझले.

"गेला?" वेदांत कुजबुजला.

"जागा होतोय. दोन मिनिटं."

तिघंही डब्यावर वाकले. एक दिवा लागला. दुसरा. तिसरा लुकलुकला, स्थिर झाला. तीन एकोणपन्नास. मशीन पुन्हा चालू केली, नेटवर्कचं पान उघडलं. तिसऱ्या जागी एक. आणि खाली, नॅट टाइप: ओपन.

"आयतु!" संताजीरावांनी मांडीवर थाप मारली. "झालं, अक्का! पण बोलून बघितल्याबगर मी झालं म्हणत न्हाई. आणा तो हेडफोन."

आसावरी टीमच्या खोलीत शिरली. लोडिंगचा गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, आणि नाहीसा झाला. पडद्यावर तिघांच्या शेजारी चौथं नाव उमटलं. संताजीरावांनी हेडफोन कानाला दाबला.

"हलो, हलो, यशवंतपूर बोलतंय. ऐकू येतंय का नागपूर?"

पलीकडून तनयचा आवाज, "हे कोण काका होय? आसावरीला खाऊन टाकलं काय?"

"तिला आत सोडलंय. दार उघडणारा हाय मी!"

पलीकडून तिघांचा असा काही आरडाओरडा झाला, की संताजीरावांनी हेडफोन कानापासून लांब धरला. आसावरीनं तो ओढून घेतला आणि जमिनीवर बैठक मारली. तीन छप्पन्न.

इथं खरं तर त्यांची चपला घालायची वेळ. पण पाय निघेना. वेदांतनं पाणी दिलं. "काका, बसा ना, बघा मॅच."

"बघता न्हाई येत हो मला. गरगरतं."

आणि मग त्यांनी इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. प्लास्टिकची खुर्ची ओढली, टीव्हीकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"तुमी सांगा, साहेब. रेडिओवर क्रिकेट सांगतात तसं. एक गोळी सोडायची न्हाई."

चार वाजले. मागं धडाधड सुरू झालं. वेदांत आधी चाचरत, मग हातवारे करत सांगू लागला, "आसा जिन्यावर... तनय पडला, नाही, उठला... दोघं भिंतीमागं..."

"कुणाची दोघं? आपली का त्यांची?"

"त्यांची! आसा मागून आली, एक गेला! दुसरा पण!"

"मार, अक्का!" संताजीराव भिंतीला ओरडले. "बेगा बेगा!"

"अण्णा, हलू नका, खुर्ची वाजते!" आसावरी ओरडली, पण ओरडताना हसत होती.

पहिली फेरी त्यांनी जिंकली. दुसरी सुरू व्हायला मिनिटभर होतं. तेवढ्यात संताजीराव पडद्याकडं न बघता, हात चाचपत फळीपाशी गेले. कुंकवाचा करंडा तिथंच होता. डब्याच्या वरच्या बाजूला, कागद टाळून, त्यांनी एक बोट टेकवलं, पडलेलं फूल उचलून वर ठेवलं, आणि परत भिंतीकडं तोंड करून बसले.

खिशातला फोन वाजला. कमलाबाई.

"हत्यारं इथंच हायत. काम झालं का?"

"झालं. पण मला यायला उशीर हाय," संताजीराव म्हणाले. "आमची दुसरी फेरी सुरू होतीय."