खूनवाल्या काकांचा वाचक

लेखक-कलावंतांच्या वेबसाइट तयार करायच्या आणि सांभाळायच्या, हा तिचा धंदा. एवढं लांबलचक कोण म्हणणार? सगळे तिला 'साइटवाली' म्हणायचे आणि तीही फोनवर "हां, साइटवाली बोलतेय" असंच म्हणायची. तिच्याकडे एक गायिका होती, एक कवी होता, बाहुल्या करणारा एक गृहस्थ होता, आणि स्वतःचा एकही धड फोटो नसलेला एक फोटोग्राफर. तऱ्हा प्रत्येकाची वेगळी, हट्ट मात्र एकच. सगळं पहिल्या पानावर हवं.

"पहिल्या पानावर तुमचं नाव, तुम्ही काय करता आणि नवं काम कुठे मिळेल. बास," ती सांगायची. "पाहुणा दारात उभा असताना त्याच्या हातात लग्नाचा अल्बम देतो का आपण?"

कवीला हे पटलं नव्हतं. पान उघडलं रे उघडलं की त्याच्या आवाजात कविता सुरू व्हायला हवी, असा त्याचा आग्रह.

"अहो, माणूस ऑफिसात बसून चोरून बघत असेल. तुम्ही एकदम गरजलात तर पान बंद करून पळेल."

"पळणारा वाचक मला नको."

"मग राहणार कोण?"

कवी आठवडाभर रुसला होता.

साइट उभी करणं हे तिच्या मते अर्धंच काम. खरी मेहनत नंतरची. 'लवकरच येत आहे' असं लिहिलेलं पुस्तक येऊन, संपून, रद्दीत गेलेलं असतं, पाटी तशीच. पुस्तक ज्या दुकानात मिळेल म्हटलंय ते दुकान बंद होऊन तिथे चष्मे विकायला लागलेले असतात. फोटोतले केस काळे, आणि कार्यक्रमाला आयोजक त्याच काळ्या केसांना शोधत स्टेशनवर उभे. हे सगळं ती निगुतीने निस्तरायची. शिवाय तिचा एक पहारेकरी होता. पहारेकरी म्हणजे माणूस नव्हे, एक छोटासा प्रोग्राम. दिवसभर सगळ्या साइटच्या दारांवर टकटक करत फिरायचा, प्रत्येक पान उघडून शेवटपर्यंत नीट येतंय ना बघायचा, आणि कुठे काही अडलं तर तिला कळवायचा. तिची आई त्याला 'तुझा गुरखा' म्हणायची.

तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात अवघड म्हणजे खूनवाले काका. एके काळी रहस्यकथांचे लेखक म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांच्या पुस्तकांत पहिल्या पंचवीस पानांत एक तरी मुडदा पडायचाच, म्हणून वाचकांनीच ठेवलेलं हे नाव. मग वाचक पांगले आणि काकांनी लिहिणं सोडलं. मुलगा कामासाठी सदा फिरतीवर, घरात सून आणि काका. साइट करून घेतली ती सुनेने, जुनी पुस्तकं निदान कुठेतरी दिसावीत म्हणून. आणि साइट झाल्यावर काय झालं कोण जाणे, काका पुन्हा लिहायला बसले. नवी कादंबरी, दर आठवड्याला एक प्रकरण, थेट साइटवर.

त्या दुपारी साइटवाली त्यांच्या खोलीत शिरली तेव्हा त्यांनी आधी तिच्या मागचं दार लावून घेतलं.

"बस. फोन बंद कर."

"काका, माझं पोट फोनवर आहे."

"मग उलटा ठेव." त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. साइटवर कोण कधी आलं, कुठून आलं, ते दाखवणारं पान उघडं होतं. हे बघायला तिनेच त्यांना शिकवलं होतं, आणि आता पस्तावत होती. "हे शहर बघ. समुद्रापलीकडचं. रोज येतो, दिवसातून कितीतरी वेळा. मी प्रकरण टाकलं की थोड्या वेळात हजर. सगळं वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पहिल्यापासून पुन्हा वाचतो."

"छान आहे की. वाचक आहे."

"वाचक?" काका हसले, पण गंमत वाटल्यासारखे नाही. "अगं, माझी सख्खी बहीण माझं पुस्तक दोनदा वाचत नाही. रोज पुन्हा पुन्हा कोण वाचतं? ज्याला उतरवून घ्यायचंय तो. त्या शहरात कोण राहतं, माहितीय?"

तिला माहीत होतं. त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. काकांचा जुना मित्र, नाटककार. दोघांनी मिळून एक नाटक लिहिलं, पाटीवर आधी नाव कुणाचं यावरून फाटलं ते फाटलंच. नाटककार आता त्या शहरात लेकीकडे राहत होता.

"माझ्या कादंबरीचं नाटक करतोय तो," काका म्हणाले. "आणि त्याला प्रकरण टाकल्याची वर्दी कोण देतं, हाही एक प्रश्नच आहे."

हे म्हणताना त्यांची नजर तिच्यावर जरा जास्तच वेळ थांबली.

ती उठून बाहेर आली तर सुनेने खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. चहा पुढे केला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"हा वाचक तुम्हीच ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे साइटवर कुणी येतच नाही असं दिसलं तर आम्ही ती बंद करू. तुमचं एक काम जाईल. म्हणून तुम्हीच काहीतरी... तुम्हाला हे सगळं जमतं ना हो."

साइटवालीने कप ठेवला. "वहिनी, खोटे वाचक उभे करायचे असते तर एकच कशाला केला असता? चांगला घोळका आणला असता."

"ते आहेच म्हणा," सून म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावरचा संशय जागचा हलला नाही.

घरी जाताना साइटवालीचं डोकं भणभणलं होतं. आणि गंमत म्हणजे तिलाही संशय येत होता, तो सुनेचा. परदेशात नात्यातलं कुणी असेल, त्याला सांगून ठेवलं असेल, रोज जरा बाबांचं पान उघडत जा म्हणून. वर साळसूदपणे मलाच विचारते.

"आजच दाखवते तिला," आईला सगळा प्रकार सांगून ती म्हणाली. आईची खुर्ची तिच्या कामाच्या टेबलाला खेटूनच असायची.

"काय दाखवतेस?"

"हा वाचक कोण ते."

तिने साइटच्या मूळ नोंदी उघडल्या. काका बघायचे ते पान फक्त शहर दाखवायचं. इथे येणाऱ्याच्या मशीनचा पूर्ण पत्ता दिसत होता. तिने पत्ता वाचला. मग खुर्ची मागे सरकवली. मग परत पुढे घेतली.

"काय गं? तोंड का असं?"

"आई, तो आपला गुरखा आहे."

झालं होतं ते असं. काही महिन्यांपूर्वी तिने पहारेकरी एका नव्या कंपनीच्या मशीनवर हलवला होता. ते मशीन कुठल्या शहरात आहे हे तिने बघितलंच नव्हतं. कुणी बघत नाही. ते होतं नेमकं त्या समुद्रापलीकडच्या शहरात. जुना पहारेकरी तिने साइटवर येणाऱ्यांच्या मोजणीतून वगळलेला होता, नव्याला वगळायचं राहून गेलं. गायिकेच्या साइटवर येणाऱ्यांच्या गर्दीत तो एक कुठच्या कुठे हरवून जायचा. काकांकडे गर्दीच नव्हती, म्हणून तो तेवढा उठून दिसला.

"म्हणजे सून खरं बोलत होती," आई म्हणाली.

"मी मुद्दाम नाही केलं."

"मी कुठे म्हणाले मुद्दाम? पण वाचक तुझाच निघाला ना."

तिने सुनेला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे भांडी वाजायची थांबली.

"ताई," सून म्हणाली, "बाबांना सांगू नका."

"अहो, मघाशी तुम्हीच..."

"मघाशी मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. ते सकाळी उठून दाढी करतात हल्ली. जेवताना बोलतात. शिव्याच घालतात त्या नाटककाराला, पण बोलतात. कुणीच वाचत नाही असं कळलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपतील. तुम्हाला काय फरक पडतो? फिरू दे की त्या गुरख्याला."

साइटवालीने "बघते" म्हणून फोन ठेवला. पण चार दिवस तिने खरोखरच काही केलं नाही. मोजणी दुरुस्त केली नाही, काकांना फोनही केला नाही. जे आहे ते चाललंय ना, असं स्वतःला सांगत बाहुलीवाल्याचे फोटो कापत बसली.

पाचव्या दिवशी काकांनी स्वतःच बोलावलं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. टेबलावर छापलेला एक कागद तयार होता.

"हे पहिल्या पानावर टाकायचं. सगळ्यात वर. तूच म्हणतेस ना, दारातच कळलं पाहिजे."

तिने वाचलं. मथळा होता, 'वाचकहो, चोर ओळखा'. खाली नाटककाराचं नाव, गाव, लेकीचं नावसुद्धा, आणि तो काकांची कादंबरी रोज कसा उतरवून घेतो याचं साग्रसंगीत वर्णन. लिहिलं मात्र झकास होतं.

"हे मी टाकणार नाही, काका."

"का? साइट माझी आहे."

"माणूस निर्दोष आहे."

काका खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या कादंबऱ्यांतला इन्स्पेक्टर असाच टेकायचा. "अस्सं. आणि हे तुला कसं माहीत?"

दार किलकिलं झालं. सून पाण्याचं तांब्याभांडं घेऊन उभी होती, आणि साइटवालीकडे बघून हळूच मानेने नाही-नाही करत होती. साइटवालीने तिच्याकडे बघितलं, मग कागदावरच्या त्या लेकीच्या नावाकडे.

"कारण तुमचा वाचक माझा आहे," ती म्हणाली. "माणूस नाहीच तो. प्रोग्राम आहे." आणि तिने पहारेकरी काय, तो कुठे बसतो, कुणाला वगळायचं राहिलं, सगळं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. मऊ केला असता तर त्यांनी नेमका तोच पकडला असता.

"तुला हे बोलायला कुणी पढवलं?"

"कुणी नाही."

"नाटककाराचा फोन आला होता तुला?"

"माझ्याकडे त्यांचा नंबरही नाही."

"पुरावा?"

तिने लॅपटॉप ओढला. "तुमच्यासमोर त्याला बंद करते. तुम्हीच बघा."

बंद केला. मग तिघंही त्या पानासमोर बसून राहिली. सून पाणी द्यायचं विसरली होती. काकांनी पान ताजं करून बघितलं, परत बघितलं, चष्मा पुसून बघितलं. कुणी आलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"हा तुझा पहारेकरी," काका म्हणाले. आवाज खाली गेला होता. "वाचतो काय?"

"नाही. पान पुरं आलं का तेवढं बघतो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटच्या ओळीपर्यंत."

"म्हणजे अर्ध्यात सोडत नव्हता."

"नाही काका."

सुनेने साइटवालीकडे असं बघितलं की चहा तर राहू देच, या घरात पुन्हा पाणीही मिळणार नाही. काका कागदाकडे बघत होते. एकाएकी त्यांची मान वर आली.

"थांब. म्हणजे त्याने एकही प्रकरण वाचलेलं नाही?"

"कुणी?"

"नाटककाराने. इतके दिवस मी लिहितोय, आणि त्याने साधं उघडून बघितलं नाही?"

"त्यांना कदाचित माहीतच नसेल."

"माहीत नसायला काय झालं? मस्ती आहे ती." त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले, मग त्या दोनाचे चार. "त्याला पहिल्या प्रकरणाची लिंक पाठव. सोबत एक अक्षर लिहायचं नाही. नुसती लिंक. बघू किती दिवस डोळे मिटून बसतो."

"नंबर?"

"हिच्याकडे आहे," त्यांनी सुनेकडे न बघता अंगठा दाखवला. "त्याच्या लेकीशी ही बोलते अधूनमधून. मला कळत नाही असं वाटतं हिला."

सुनेच्या हातातलं भांडं तांब्यावर खणकन आपटलं.

साइटवालीने लिंक पाठवली. मोजणी दुरुस्त केली, आणि मग पहारेकरी पुन्हा चालू केला. साइट राखायची तर तो लागणारच. आता तो यायचा-जायचा, पण यादीत दिसणार नव्हता. काकांनी हे सगळं तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं, बटणागणिक "हे काय केलंस?" विचारत.

ती बॅग उचलत होती, तेवढ्यात ते म्हणाले, "एक पंचाईत झाली."

"काय?"

"खुनी तोच होता. कादंबरीतला. नाव बदललेलं, पण चाल, खोकला, सगळं त्याचं. आता तो वाचणार म्हटल्यावर त्याला खुनी करता येत नाही. नाहीतर मी त्याच्यावर लिहितो म्हणून गावभर मिरवेल." त्यांनी कोरा कागद समोर ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "खुनी बदलायला हवा. असा कुणीतरी, ज्याचं घरात येणं-जाणं आहे. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. आणि कुणाचा संशय जात नाही."

मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. अगदी सावकाश.

"बस जरा. तू घरी कुणाजवळ राहतेस?"

"आईजवळ," ती म्हणाली. बॅग तिने खाली ठेवली नाही.

"आणि हे पासवर्ड वगैरे, आमच्या सगळ्यांचे, तू कुठे ठेवतेस?"

"का?"

"सहज विचारतोय," काका म्हणाले, आणि लिहायला लागले.

तिने उत्तर दिलं, पण जरा जपून.