मी विकलेलं सायकस

बोरगावच्या रस्त्यावर आमची नर्सरी आहे. सासऱ्यांच्या काळात तिथे फक्त संत्र्याची कलमं मिळायची. पुढे सौंसर-पांढुर्ण्याकडे नवी घरं उठायला लागली, लोक शोभेची झाडं विचारू लागले, म्हणून मी समोरच्या बाजूला हिरवी जाळी बांधून कुंड्या मांडल्या. कलमांचं काम नवऱ्याकडे, कुंड्यांचं माझ्याकडे. कोणत्या झाडाला पाणी किती, ऊन किती, एवढं मला पाठ होतं. त्यापलीकडचं कोणी विचारत नसे.

ते विचारलं पांढुर्ण्याच्या एका मॅडमनी. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मिस्टर गेलेले, मुलगा दूर नोकरीला. घरात त्या आणि त्यांचा तांबूस कुत्रा. तोही त्यांनी भाड्यानं आणलेल्या गाडीत मागे बसून खिडकीतून तोंड बाहेर काढून होता. मॅडमना फाटकाजवळ लावायला काहीतरी देखणं हवं होतं. मी सायकस दाखवलं. खाली अननसासारखा गड्डा, वर गोल पसरलेली टोकदार पानं. त्यांना आवडलं.

"पण आमचा हा सगळं चावून पाहते हो," त्या म्हणाल्या. "यानं त्याले काही होणार नाही न?"

"काही नाही होत, मॅडम. निश्चिंत लावा."

त्यांच्यामागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. पण घाईत होते म्हणून बोलले असं नाही. माहीत नसताना खात्रीनं बोलायची मला सवयच झाली होती.

तीन-चार महिन्यांनी मॅडम पुन्हा आल्या, या वेळी बसनं, एकट्या. त्यांना मोगरा हवा होता.

"अंगणात त्याले पुरलं, तिथे लावते," त्या म्हणाल्या, आणि मग बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. कुत्र्याला आधी उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तो उभा राहीना, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. शेजारच्या किराणा दुकानदारानं आपली गाडी काढली आणि दोघांना नागपूरला डॉक्टरकडे नेलं. लिव्हर गेलं आहे, कशाचं तरी विष पोटात गेलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी तो गेला.

"आणि घालणारा कोण, माहीत आहे? तोच शेजारी. कुत्रा भुंकते म्हणून वर्षभर भांडला माझ्याशी. मग गाडी घेऊन आला, गुन्हा झाकायले. मी साऱ्या गल्लीसमोर म्हटलं त्याले, तूच जहर घातलं म्हणून."

मी मोगऱ्याची पिशवी बांधत होते. उठता उठता त्या म्हणाल्या, "तुमचं ते सायकस तर कुत्र्यानं आधीच उपटलं होतं. गड्डा चघळत बसला होता दिवसभर."

माझे हात थांबले. का ते मला नीट कळलं नव्हतं, पण थांबले.

त्या गेल्यावर मी फोनवर शोधलं. मग खात्री करायला सौंसरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे पान आणि गड्ड्याचा तुकडा घेऊन गेले. ते म्हणाले, याचं सगळंच विषारी, बी आणि गड्डा तर फारच. उलट्या, कावीळ, मग मरण. मी नवऱ्याला सांगितलं.

"तू मुद्दाम केलं का?" तो म्हणाला. "आता सांगून कुत्रा परत येऊन राहिला का? चूप बस."

मी चूप बसले. आठ-दहा दिवस. त्या दिवसांत मला कुत्र्यापेक्षा तो दुकानदार जास्त आठवायचा. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. नागपूरपर्यंत आजारी कुत्रा मागच्या सीटवर घेऊन गाडी चालवणारा माणूस, आणि गल्लीत त्याला मिळालेलं नाव. शेवटी एका सकाळी मी पांढुर्ण्याची बस पकडली.

मॅडमनी चहा ठेवला. तो होईपर्यंत थांबले असते तर बोलणं झालंच नसतं, म्हणून स्वयंपाकघराच्या दारातच सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला.

"मी तुम्हाले विचारलं होतं न?"

"हो."

"मग माहीत नाही, एवढं म्हणता नाही आलं?"

त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मग पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला. त्याच्यासमोर सांगा."

दुकानदार वजन करत होता. मी सगळं पुन्हा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "माझी चूक झाली. माफ करा."

त्यानं हातातली पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली, मग आमच्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही आज दोघीजणी येऊन मले सांगून राहिल्या. तेव्हा ऐकणारे पन्नास होते. माझ्या पोरीले शाळेत जहरवाल्याची पोरगी म्हणतात. त्यायले कोण सांगन?"

मॅडम तिथेच वळल्या आणि त्याच दिवशी घरोघर गेल्या. मी दोन घरांपर्यंत सोबत होते. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "असं का," आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढे जाववेना. मी बसस्टँडवर येऊन बसले. पुढे दुकानदार मॅडमशी बोलू लागला असं ऐकलं, पण कामापुरतं. मॅडम माझ्याकडे परत आल्या नाहीत.

कुत्रा असलेल्या घरांसाठी मी आता वेगळी रांग ठेवली आहे. मोगरा, गुलाब, जास्वंद, अरेका पाम. कण्हेर आणि ठिपकेदार पानांचं डिफेनबेकिया, दोन्ही विषारी, त्या लोकांना देत नाही. सायकस ठेवणंच बंद केलं. उरलेली कुंड्यांतून काढून मातीत खोल गाडली, कुंपणाबाहेर फेकली नाहीत.

पण आधी विकलेली आहेतच. जी घरं आठवली तिथे जाऊन सांगून आले. एकांनी माझ्यासमोर झाड उपटलं. एक काका हसले, "आमच्याकडे कुठे कुत्रा आहे?" त्यांच्या पायरीवर गल्लीतली कुत्री आपली पिल्लं घेऊन झोपली होती. मी बोट दाखवलं, तर म्हणाले, "पाहू."

बाकीची कोणाच्या दारात आहेत, मला आठवत नाही. वही कधी ठेवली नव्हती. कुठल्याही गावात गेले की चालता चालता मी लोकांच्या फाटकांतून आत पाहते. परवा तिगावला एका अंगणात ती टोकदार पानं दिसली. मी कडी वाजवली, बराच वेळ. घरात कोणी नव्हतं.