दाजींचे कान

गाणं सुरू असताना दाजींशी बोलायचं म्हणजे हातवारेच करावे लागत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वैजापूरच्या तहसील कार्यालयातून निवृत्त झाले, हर्सूलला घर बांधलं, आणि घरात सोफा यायच्या आधी छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर आले. भीमगीतं असोत, कव्वाल्या असोत, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं. ताईनं कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडूनच दिलं होतं. डाळ ती वासावरून उतरवायची.

“दाजी, जरा कमी करा,” म्हटलं की डोळे मिटूनच म्हणत, “मेव्हणे, गाणं छातीत वाजलं पायजे. कानाचं काय, तो नुसता दरवाजा.” या माणसाशी वाद घालण्यात माझा घसा बसे, त्यांचं काहीच बिघडत नसे.

शेवटी शेजारी भांडायला आले, तेव्हा पुण्याच्या लेकीनं हेडफोन पाठवले. गल्ली सुटली, दाजी मात्र जास्तच अडकले. सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत हेडफोन डोक्यावर. मला शेजारच्या खोलीत गाण्याचे शब्द कळायचे!

मग त्यांची तक्रार सुरू झाली, “घरात रातकिडे लई झालेत.” भर दुपारी, ऐन उन्हाळ्यात! मी ओढतच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रातकिडे कानातच आहेत, ऐकू येणं गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. आवाज निम्म्यावर ठेवा, मधूनमधून कानांना विसावा द्या. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, “माणूस चांगला हाय, पण पुटपुटतो.”

पुढे लेकीला मुलगी झाली. तिच्या बोबड्या बोलांचा व्हिडिओ आला. ताई हसून हसून बेजार. दाजींनी फोन एका कानाला लावला, मग दुसऱ्याला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

“तोंड तर हलतंय. आवाज का नाय? पोरगी मुकी हाय का गं?”

ताईचं हसू थांबलं. “ती बोलतीय हो,” ती त्यांच्या कानाशी ओरडली. “तुम्हाला ऐकू येत नाय.”

त्या दिवशी दाजींनी स्वतः उठून हेडफोन कपाटात टाकले. कानाचं यंत्रही घेतलं. पण आमचा त्रास संपला असं समजू नका. आता ते कुणाकडेही गेले की आधी टीव्हीचा आवाज कमी करत, पोरांच्या कानातली हेडफोनची बोंडं उपटत. “हातभर लांबचं माणूस ओरडल्याबिगर ऐकू येत नसंल, तर गाणं जास्त झालंय. कळलं का मेव्हणे?” हे मला! मला सांगत होते!

ताई-दाजी कायमचे पुण्याला निघाले, त्या सकाळी लेक-नात न्यायला आल्या होत्या. नात आता चांगली घडाघडा बोलायची. कुणी तोंड जवळ आणलं की यंत्र शिट्टी मारायचं, म्हणून दाजींनी ते काढून खिशात ठेवलं आणि तिला उचलून घेतलं. तिनं त्यांच्या कानाला तोंड लावून, हाताचा आडोसा करून, काहीतरी लांबलचक गुपित सांगितलं. दाजी मान हलवत राहिले, “व्हय, व्हय.”

ती खाली उतरून पळाल्यावर मी मोठ्यानं विचारलं, “काय म्हणाली?”

“काय की,” दाजी हसले. “गुदगुल्या झाल्या.”

मला त्यांचा इतका राग आला की मी सामान उचलायच्या निमित्तानं बाहेर निघून गेलो.