सशासाठी बंदूक

मामूनं जेवण सोडलं तेव्हा मला आधी आला तो रागच. मामी तिकडे गावी वारली, मामूला वेळेत निघता आलं नाही, माती द्यायलाही तो पोचला नाही, हे सगळं मला कळत होतं. पण म्हणून माणसानं नुसत्या चहा आणि खुबूसच्या रोटीवर जगायचं? आम्ही दोघं इकडे आखातात, मी सीफला एका ऑफिसात क्लार्क, तो बुदैयाला एका अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या बागेत राखणदार. दर शुक्रवारी मी डबा घेऊन जायचो आणि पुढच्या शुक्रवारी तोच डबा फ्रीजमध्ये जसाच्या तसा सापडायचा. मस्तकात तिडीक जायची माझ्या. त्याची गालफडं बसली, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. असंच चाललं असतं तर लवकरच त्यालाही पेटीत घालून मामीच्या शेजारी पोचवावा लागला असता. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडतो.

त्याच सुमारास बागेत ससे माजले होते. अरबाबच्या नातवंडांनी हौसेनं पाळलेले आणि हौस फिटल्यावर मोकळे सोडलेले. त्यांनी खजुरीच्या मुळांत बिळं केली, लसूणघासाचे वाफेच्या वाफे फस्त केले. पिंजरे लावून झाले, पण एक अडकला की बाकीचे शहाणे. शेवटी अरबाब म्हणाला, मारा आणि खा, विष घालून फुकट घालवू नका. हे ऐकलं आणि मामू इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला. म्हणाला, सशाचं सुकं केलंस तर दोन घास खाईन. मी तर लगेच खोबरं भाजायच्या गोष्टी करायला लागलो.

बंदूक अरबाबची, परवाना त्याच्या नावावर, आणि तो स्वतः बागेत असतानाच ती बाहेर निघणार, अशी त्याची अट. लोखंडी कपाटातून त्यानं तीन काढून पलंगावर ठेवल्या. मामू तरुणपणी आमच्या रायगडच्या रानात ठासणीच्या बंदुकीनं शिकार केलेला माणूस. नळ्यांवरून त्याचा हात फिरायला लागला तसा चेहरा जरा जिवंत झाला. मला बरं वाटलं.

बारा बोअरची दुनळी त्यानं लगेच बाजूला सारली. एवढ्या जवळून मारली तर सशाचा खिमा होतो, आणि उरलंसुरलं खाताना छरे दाताखाली येतात. रायफल मात्र त्यानं दोनदा उचलून पाहिली. बारीक गोळी, डोक्यात बसली की ससा जागच्या जागी आडवा, मांस सगळं शाबूत. पण भिंतीपलीकडे नवे व्हिला झालेत, पोरं सायकली फिरवतात. चुकलेली गोळी कुठवर जाईल, कोण सांगणार? त्यावर अरबाबनं कोपऱ्यातला मातीचा मोठा ढिगारा दाखवला. तिकडे तोंड करून मार, गोळी तिथंच रुतेल. बिस्मिल्ला म्हणून घोडा ओढ, खलास.

इथंच मामू अडला. आमच्या गावात गोळीनं मेलेलं जनावर मुर्दार. ते जिवंत हाती लागलं पाहिजे, गळ्यावर सुरी फिरली पाहिजे, तरच खायचं. म्हणून आमचे शिकारी सशाच्या डोक्यावर नेम धरतच नाहीत, मागच्या मांडीवर धरतात, आणि बार झाला की सुरी घेऊन पळत सुटतात. अरबाबनं समजावलं की त्यांच्याकडे असं मानत नाहीत. मीही डोकेफोड केली. मामू ऐकेल तर शपथ. त्यानं तिसरी उचलली, ती एअरगन. हिनं मरत नाही, नुसता पडतो, म्हणाला. मला ते अजिबात पटलं नव्हतं. जेमतेम पाय मोडेल एवढ्या ताकदीचं हत्यार घेऊन कोण शिकारीला जातं? पण तो जेवणार होता. म्हणून मी तोंड मिटलं आणि सुरी घेऊन त्याच्यामागे उभा राहिलो.

उन्हं कलली, असरच्या नमाजानंतर ससे बाहेर आले. मामूनं कण्हत गुडघा टेकला, एका करड्या सशावर नेम धरला आणि चाप ओढला. ससा कोलांटला. मी धावलो. मागचे दोन्ही पाय फरफटत, नुसत्या पुढच्या पायांवर तो माझ्या हाताखालून निसटला आणि बिळात शिरला.

मग तो ओरडायला लागला. ससा ओरडतो हे मला माहीतच नव्हतं. तान्ह्या पोराच्या किंकाळीसारखा आवाज, आणि थांबता थांबेना. अरबाब पाठ फिरवून व्हरांड्यात जाऊन बसला. मामू मातीत पालथा पडला आणि त्यानं खांद्यापर्यंत हात बिळात घातला. मी फावडं आणून खणायला लागलो, तर खाली खजुरीची मुळं एकमेकांत गुंतलेली. एक तोडावं तर खाली दुसरं. मी घामाघूम झालो, डोकं फिरलं, आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो. म्हटलं, रायफल घेतली असतीस तर एव्हाना टोपात असता तो, निदान सुखानं मेला तरी असता. हलाल हलाल करत बसलास, आता ऐक!

सशाचा आवाज बारीक होत गेला, मध्येमध्ये तुटायला लागला. मामूचा गाल मातीला टेकलेला होता आणि तो बिळाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं कलमा पढतोय. वाकून ऐकलं तर म्हणत होता, निघालोय, आलोच, थांब जरा.

थोड्या वेळानं बिळातला आवाज बंद झाला. मामूनं हात बाहेर काढला नाही.

"तुझी मामी गेली ना, तेव्हा फोन चालू होता," तो म्हणाला. "पोरानं तिच्या तोंडाशी धरलेला. दुपारपासून पार सूर्य बुडून मगरिबची बांग होईपर्यंत तिचं कण्हणं ऐकलं मी, इथं, या बागेत बसून. माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात अडकलेला. आणि मी तिला सारखा सांगत होतो, निघालोय, विमानतळावर आहे, आलोच."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं, त्याला नुसती मामी गेल्याची खबर मिळाली. मला माझीच शरम वाटली. मी फावडं टाकलं आणि त्याच्याजवळ खाली बसलो.

"तिला खरं वाटलं असेल का रे?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गाल मातीला टेकवला. त्याला तिथून उठवायला मला अरबाबला हाक मारावी लागली.