माटोळीची ती ओळ

समाजकार्याच्या एका जर्नलमधला माझा लेख अजून विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. मुलाखतींवरून कसं लिहावं याचा नमुना म्हणून. त्या लेखाबद्दल आजवर मी जे सांगत आलो ते खरं नाही.

खाणी बंद पडल्यावर डिचोलीतल्या बायकांनी घर कसं चालवलं, हा विषय होता. त्यातली एक माहेरची सावंतवाडीकडची. नवरा खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर, आता घरी बसलेला. ती दोन बस बदलून पेडण्याला जाई. घरी सांगितलेलं, एका म्हातारीच्या सोबतीला जाते. प्रत्यक्षात किनाऱ्यावरच्या हॉटेलात खोल्या साफ करायची. हे तिने फक्त मला सांगितलं, आणि विचारलं, "सर, माझा नाव येवचा नाय मां?"

"नाव नाही, गाव नाही."

"मगे लिवा. सासूक इंग्लिश येणा नाय ता बरा," असं म्हणून हसली.

लेख परत आला. परीक्षकाचं म्हणणं, माणसं पुसट आहेत, जगण्यातले बारकावे हवेत. माझ्या वहीत एक होता. त्या चवथीला तिने गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीत, माटोळीत, रानफळांच्या जोडीला, हॉटेलातून मिळालेली एक वस्तू बांधली होती. म्हातारीने दिली, असं घरी सांगून. कोणती वस्तू, ते इथे लिहीत नाही. आरतीला घरोघर फिरताना सगळा वाडा माना वर करून माटोळी बघतो, आणि कोणी काय बांधलं ते वर्षभर लक्षात ठेवतो. लांबच्या परीक्षकाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी याच तालुक्यातला.

मी ती ओळ घातली, खोडली, आणि लेख पाठवायच्या दिवशी पुन्हा घातली. बढतीसाठी लेख छापून यायला हवा होता. ती ओळ काढायची नजरचुकीने राहून गेली, असं पुढे मी सगळ्यांना सांगितलं. ती नजरचूक नव्हती.

काही वर्षांनी तिच्या दिराच्या मुलीला कॉलेजात तोच लेख वाचायला आला. माटोळीच्या ओळीपाशी ती थांबली आणि घरात सगळ्यांसमोर तिने विचारलं, "काकी, ही तू मगो?" काम त्याच आठवड्यात सुटलं. नवऱ्याने हात उचलला नाही. बोलणं टाकलं.

निवृत्त झाल्यावर मी संपादकांना लिहिलं, एका बाईला दिलेला शब्द मी मोडला आहे, लेख मागे घ्या. उत्तर सभ्य आलं. कोणता मजकूर, कोणाबद्दलचा, ते कळवावं. तशी सूचना छापू. म्हणजे ज्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही, त्यांनाही त्या ओळीवर मीच बोट ठेवून दाखवायचं. नाही कळवलं तर लेख आहे तसा राहणार. ते पत्र टेबलावर पडून आहे. दर काही दिवसांनी मी उत्तराच्या दोन ओळी लिहितो आणि थांबतो.

मागच्या चवथीला मी तिच्या घरी गेलो. नवऱ्याने खुर्ची पुढे केली आणि बाहेर निघून गेला.

"तो लेख काढून टाकायला बघतोय मी," मी म्हटलं.

"काढलात तर माका काम परत मेळतला?"

तिने चहा आणून ठेवला. माझी नजर वर माटोळीकडे गेलेली तिने पाहिली.

"बघा, सर, बघा. डिचोलीच्या बाजारातली आसा. सगळ्यांसारखी."

नारळ, सुपारीचा घोस, तोरंजनं, आंब्याचे टहाळे. चहा गार होईपर्यंत मी बघत होतो. लिहिण्यासारखं तिने त्यात काही ठेवलं नव्हतं.