ढोल पाण्यात पडला तेव्हा

रेवदंड्याच्या खाडीत आम्ही बायकांनी ड्रॅगन बोटीचा संघ काढला, तेव्हा आमच्यातल्या निम्म्याजणींनी कधी वल्हं हातात धरलं नव्हतं. मी शाळेत मराठी शिकवते. सोबत अंगणवाडीच्या ताई होत्या, एक नर्स होती, बाजारात मासळी विकणाऱ्या काहीजणी होत्या. ही होडी लांबलचक आणि अरुंद असते. पुढे बसून एकजण ढोल वाजवते आणि बाकीच्यांनी त्या तालावर वल्हवायचं. पहिले कित्येक रविवार आमची होडी नुसती गोल गोल फिरायची. धक्क्यावरचे बाप्ये पोट धरून हसायचे.

पहिल्याच स्पर्धेत आमची गाठ कॉलेजच्या तगड्या मुलींशी पडली. निम्मं अंतर कापलं असेल, तोच लाटेचा हिसका बसला आणि ढोल सुटून थेट पाण्यात पडला. ताल तुटला, वल्ही एकमेकांवर आपटली. मला वाटलं, आता संपलं.

तेवढ्यात ढोल वाजवणारी आमची कोळीण मावशी उभ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "ढोल गेला तं जाऊ दे, माझा गला हाय ना! मारा गो बायांनो! हैय्या! हैय्या!"

त्या आवाजावर आमचे हात पुन्हा एक झाले. आम्ही मुलींच्या होडीला गाठलं, मग मागे टाकलं. जिंकलो हे कळताच आम्ही सगळ्या आनंदाने एकदम उभ्या राहिलो आणि होडीच उलटली!

कप घ्यायला आम्ही निथळत गेलो. फोटोत एकीचेही केस धड नाहीत, पण इतकं मनमोकळं हसताना मी स्वतःला दुसऱ्या कुठल्याच फोटोत पाहिलेलं नाही.