पुलाला अडकलेला खण

औरादच्या वाटेवरचा तो लोखंडी पूल आता न्हाई. कुणी म्हणतं पुरात गेला, कुणी म्हणतं भंगारात. निजामाचं राज्य होतं तेव्हा, लग्न होऊन सासरी जाताना मी तो पहिल्यांदा पाहिला. मधे एकही खांब नसलेला पूल म्हणून ऐकलं होतं. लग्नापेक्षा मला त्याचीच घाई झाली होती बघा.

आमच्यात नवरी पहिल्यांदा नदी ओलांडते तेव्हा नदीची ओटी भरते. गाडी पुलाच्या तोंडाशी थांबली. सोबतच्या चुलत सासूबाईंनी मला पुढं पुलावर, पाण्याच्या वरच्या बाजूला नेलं. मी वरून खण-नारळ सोडला. नारळ पाण्यात गेला, पण खण खालच्या तिरप्या पट्टीला अडकून फडफडायला लागला.

“नदीला ओटी पोचली न्हाई. गाडी मागं वळीव, उतारानं पाण्यातून जाऊ,” सासूबाई म्हणाल्या.

गाडीवान हसला. “अक्का, पुलाची ओटी भरली समजा की!”

“पुलाला काय लेकरं व्हायचीत का रे?”

हाताशी आलेला पूल जायलाय म्हणताना मी पदर खोचला, गाडीवानाची काठी घेतली आणि फळ्यांवर पालथी पडून खण ढोसू लागले. डोकं खाली गेलं आणि अख्खा पूल खालून दिसला. पट्टीला पट्टी तिरपी जोडलेली, त्रिकोणांची नुसती जाळी, खाली पाणीच पाणी. टेकू कशाचाच न्हाई!

“पडशील की गं! सुटला का खण?” सासूबाई ओरडल्या.

खण केव्हाच पाण्यात गेला होता.

“न्हाई अजून,” मी म्हणाले, आणि बघतच राहिले.